आकाशांतून पानांची मोजदाद

गेल्या धुळवडीच्या दिवशीं दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी ओसरीवर बसली असतां आमच्या पुतण्यानें आपल्या भ्रमणध्वनीवर एक नकाशा उघडून सर्वांपुढें धरिला. उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून तयार केलेला तो नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा होता. जेथें झाडोरा दाट तेथें गर्द हिरवा, जेथें विरळ तेथें पिवळट, आणि जेथें मुळींच नाहीं तेथें तपकिरी, असे रंग त्यांत भरले होते. आमचे एक वृद्ध चुलते पूर्वीं धडगांवच्या बाजूस कित्येक वर्षें शिक्षक होते. त्यांनीं चष्मा पुसून नकाशा दोनदां न्याहाळला व म्हणाले, "हें सारें उलटें दिसतें. सातपुड्यांतलें रान पिवळें, आणि शहाद्याकडचा सपाट मुलूख गर्द हिरवा! तिकडे एवढें रान कोठून आलें?" पुतण्या म्हणाला, "काका, उपग्रह कशाला खोटें बोलेल?" आत्याबाई सुपारी कातरीत होत्या. त्यांनीं मान वर न करितांच विचारलें, "वर बसून पानें मोजणाऱ्याचें मोजणें खालीं कोणी तपासून पाहिलें आहे काय? शितावरून भाताची परीक्षा होते खरी. पण तें शीत पातेल्याच्या वरचें कीं तळचें, तें आधीं सांगा."

आत्याबाईंचा हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं. त्याचें उत्तर शोधण्यांत आज जगांतील अनेक विद्यापीठें आणि अंतराळसंस्था गुंतल्या आहेत. पिकांचा अंदाज, पावसाचें व हवामानाचें गणित, जंगलाची वाढ-घट, इतकेंच काय, डोंगरांतल्या एखाद्या कुटुंबाची जमीन त्याची मानावी कीं नाहीं हा निर्णयसुद्धां आतां आकाशांतून घेतलेल्या चित्रांशीं बांधला गेला आहे. म्हणून या महिन्यांत वाचकांस थोड्या किचकट वाटणाऱ्या, परंतु घरच्या मापांनीं समजून घेतां येण्याजोग्या या विषयाकडे नेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम माप कसलें तें पाहूं. एक चौरस मीटर जमीन घ्यावी. तिच्या डोक्यावर, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत, जितकीं पानें असतील तितकीं सारीं खुडून जमिनीवर शेजारीं शेजारीं पसरावीं. तीं किती चौरस मीटर जागा व्यापतात तो आंकडा म्हणजे त्या जागेचा पर्णक्षेत्र-निर्देशांक. इंग्लंडांतील रॉथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या डी. जे. वॉटसन यांनीं १९४७ सालीं हें माप पिकांच्या अभ्यासांत रूढ केलें. आंकडा एक आला म्हणजे जमिनीवर पानांचा एक पदर. चार आला म्हणजे एकावर एक चार पदर. उजाड माळावर तो एकाच्याही खालीं राहतो, भरांत आलेल्या भाताच्या खाचरांत चार-पांचापर्यंत जातो, व दाट सदाहरित अरण्यांत त्याच्याही वर चढतो. झाडाचें अन्न पानांत शिजतें, आणि झाड पाण्याची वाफ सोडतें तीही पानांतूनच. त्यामुळें एखाद्या मुलुखांत पान किती आहे हें कळलें कीं तेथील पिकाची, पाण्याची व हवेची बरीच कुळकथा कळते.

आतां एवढीं पानें खुडणार कोण? येथेंच उपग्रहाचें काम सुरू होतें. परंतु उपग्रहाला पान दिसत नसतें; त्याला दिसतो तो पानावरून परतलेला उजेड. हिरवें पान सूर्यप्रकाशांतला तांबडा भाग बहुतेक गिळून टाकतें. तांबड्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांस न दिसणारा जो अवरक्त प्रकाश, तो मात्र जवळ जवळ निम्मा माघारा फेकतें. उघडी जमीन असा पंक्तिभेद फारसा करीत नाहीं. समजा, एका हिरव्या शेतावरून तांबडा प्रकाश शेंकडा ५ व अवरक्त शेंकडा ४५ परतला. दोहोंची वजाबाकी ४०, बेरीज ५०. वजाबाकीला बेरजेनें भागिलें तर ०.८ येतात. नांगरून टाकलेल्या जमिनीवरून तांबडा २० व अवरक्त २५ परतला तर हाच भागाकार ०.१ च्या आसपास येतो. या भागाकारास वनस्पति-निर्देशांक म्हणतात. अमेरिकेनें जुलै १९७२ मध्यें सोडलेल्या पहिल्या लँडसॅट उपग्रहाच्या मापांवरून तो पुढील एक-दोन वर्षांत प्रचारांत आला, आणि इतका सोपा असल्यामुळेंच जगभर पसरला.

पण सोपेपणाची किंमत द्यावी लागते. कपाटांत घडी घालून ठेविलेल्या दुलया वरून पाहिल्या तर वरची एक दिसते. खालीं चार आहेत कीं आठ, तें कळत नाहीं. तसेंच येथें होतें. पानांचे पहिले दोन-तीन पदर चढेपर्यंत हा भागाकार भराभर वाढतो, पण त्यापुढें तो जवळ जवळ थांबतो. तीन पदरांचें रान व सहा पदरांचें रान यांत त्याला फारसा भेद करितां येत नाहीं. उलट, पानें विरळ असतील तर त्यांच्यामधून खालची जमीन डोकावते आणि ती आपला रंग हिशेबांत मिसळते. तापीकांठची काळी कसदार जमीन व डोंगरउतारावरची मुरमाड जमीन यांवर अगदीं सारखींच विरळ पानें असलीं तरी काळ्या जमिनीवरचा आंकडा मोठा येतो. म्हणजे मोजावयाचें होतें पान, आणि मोजली गेली थोडीशी माती.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनीं अधिक खोल गणित मांडिलें. डिसेंबर १९९९ मध्यें सुटलेल्या टेरा उपग्रहावर मोडिस नांवाचें एक उपकरण आहे. त्याच्या मापांवरून दर आठ दिवसांनीं साऱ्या पृथ्वीच्या पर्णक्षेत्राचा नकाशा काढण्यांत येतो. त्या गणितांत जगांतील झाडोऱ्याचे आठ वर्ग पाडले आहेत. गवत व तृणधान्यें एका वर्गांत, रुंद पानांचीं पिकें दुसऱ्यांत, पानझडी वृक्ष आणखी एकांत, याप्रमाणें. प्रत्येक वर्गाची पानें प्रकाश कसा झेलतात व कसा परतवितात याचे तयार कोष्टक आहेत. उपग्रहास जो प्रकाश मिळाला तो कोष्टकाशीं ताडून त्यावरून पानांचे पदर ठरवावयाचे. युक्ति चांगली आहे. पण जमिनीचा वर्गच चुकीचा धरला गेला तर कोष्टकही चुकीचें उघडलें जातें, आणि पुढचें सारें गणित बिनचूक होऊनही उत्तर मात्र चुकतें. पंचांग चुकीच्या वर्षाचें घेऊन मुहूर्त काढल्यासारखा हा प्रकार आहे.

आतां हें सर्व घेऊन नंदुरबारास जाऊं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा पानें मोजणाऱ्याची परीक्षा पाहण्यासाठींच जणूं घडविला आहे. उत्तरेस नर्मदा, तिच्या अलीकडे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतल्या सातपुड्याच्या रांगा, आणि त्या रांगांच्या पायथ्याशीं शहादें, तळोदें व नंदुरबारकडे पसरलेलें तापीचें खोरें. तोरणमाळचें पठार समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांहून उंच आहे. तेथून खालीं सपाटीवर उतरलें कीं थोडक्याच अंतरांत सागवान, सालई, धावडा, मोह यांचें राज्य संपून ऊंस, केळी, पपई, कापूस व मिरची यांचें राज्य सुरू होतें. वर पावसावर जगणारी झाडें, खालीं विहिरींच्या व बंधाऱ्यांच्या पाण्यावर वाढलेलीं पिकें. प्रकाशें व सारंगखेडें येथील तापीवरचे बंधारे ज्यांनीं पाहिले असतील त्यांना हा भेद सांगावा लागणार नाहीं.

सातपुड्यांतलें हें रान पानझडी आहे. पौष-माघापासून सागाचीं पानें गळूं लागतात, आणि काठीच्या होळीला आदिवासी बांधव रात्रभर नाचतात त्या सुमारास डोंगर बराचसा उघडा पडलेला असतो. पळस फुलतो तो पानांवांचून. मोह फुलतो तोही पानें झडल्यावर. उपग्रहाच्या भागाकारांत फुलाला कांहींच मान नाहीं. त्याच वेळीं खालीं सपाटीवर ऊंस व केळी डोलत असतात. तेव्हां धुळवडीच्या दिवशीं काकांनीं जो नकाशा उलटा ठरविला, तो उलटा नव्हता. ज्या आठवड्याचीं चित्रें त्यांत होतीं, त्या आठवड्यापुरता तो खरा होता. काका रान म्हणजे झाडें मोजीत होते, उपग्रह त्या घटकेचीं पानें मोजीत होता. दोघेही आपापल्या जागीं बरोबर, आणि नकाशाखालीं तारीख बारीक अक्षरांत असल्यामुळें भांडण मात्र खरें.

मग श्रावणांत मोजावें म्हणाल, तर तेव्हां डोंगर हिरवेगार असतात हें खरें, पण त्यांवर ढगही असतात! ज्या महिन्यांत पान सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत तें वरून दिसणें सर्वांत कठीण, ही आमच्या मान्सूनच्या मुलुखाची खोड आहे. आठ दिवसांत एखादी क्षणभर उघडीप मिळाली तर तेवढ्यावर काम भागवावें लागतें. पातळ ढगाची कड चित्रांत राहिली तर पानांचा आंकडा एकदम खालीं येतो, व अनभिज्ञ मनुष्यास वाटतें कीं आठवड्यांत जंगल तुटलें. शिवाय डोंगराची सांवली आहेच. असे उपग्रह बहुधा सकाळीं साडेदहाच्या सुमारास माथ्यावरून जातात; हिंवाळ्यांत त्या वेळीं सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळें उत्तरेकडचे उतार अंधारांत, दक्षिणेकडचे उजेडांत. एकाच जातीचीं, एकाच वयाचीं झाडें डोंगराच्या दोन अंगांस दोन निरनिराळे आंकडे देतात.

आणखी एक गोष्ट मापाच्या तुकड्याची. उपग्रहाचें चित्र लहान लहान चौकोनांचें बनलेलें असतें आणि एका चौकोनास एकच आंकडा मिळतो. मोडिसचा पर्णक्षेत्राचा चौकोन ५०० मीटरांचा, म्हणजे २५ हेक्टरांचा. आपल्या जुन्या हिशेबानें सुमारें ६२ एकर. अक्राणींतल्या एखाद्या दरींत ६२ एकरांत काय नसतें? थोडें सागवान, थोडा बांबू, ओढा, चार झोंपड्या, उतारावरचीं ज्वारी-मक्याचीं शेतें, शेतांत राखलेले मोह. या सर्वांची सरासरी काढून उपग्रह एक आंकडा हातीं देतो. सरासरीनें गुडघाभर पाणी म्हणून नदींत उतरणाऱ्याची जी गत, तीच अशा आंकड्यावर एखाद्या शेताचा निर्णय करणाऱ्याची. उलट, युरोपनें जून २०१५ मध्यें सोडलेल्या सेंटिनेल-दोन या उपग्रहाचा बारीकांतला बारीक चौकोन १० मीटरांचा आहे. दहा गुणिले दहा म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा भरतो १०१ चौरस मीटरांहून किंचित् अधिक. आठशें किलोमीटरांच्या आसपासच्या उंचीवरून हा उपग्रह जवळ जवळ गुंठ्या-गुंठ्यानें जमीन वाचतो, हें आमच्या काकांना सांगितलें तेव्हां ते प्रथमच थोडे नरमले.

आतां मूळ प्रश्न. दोन उपग्रहांनीं एकाच डोंगरास दोन आंकडे दिले तर कोणाचें खरें मानावें? पहिलें पाऊल म्हणून शास्त्रज्ञ दोहोंचे नकाशे एकावर एक ठेवून ताडून पाहतात. हें काम उपयुक्त आहे. जेथें फरक मोठा निघतो तेथें ढग, सांवली, वर्गवारी, पाहण्याचा कोन, यांपैकीं कांहीं तरी घोटाळा असतो, व तो शोधितां येतो. परंतु दोघांचें जुळलें म्हणजे खरें ठरलें, असें मात्र नव्हे. घरांतलीं दोन घड्याळें गिरणीच्या एकाच चुकलेल्या भोंग्यावर लाविलीं असतील तर तीं एकमेकांशीं तंतोतंत जुळतील, आणि आगगाडी चुकेल. दोन उपग्रहांच्या गणितांत एकच चुकीचें गृहीत असेल तर तेंही असेंच. तुलना आणि पडताळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें वर्तमानपत्री लेखांत फार क्वचित् सांगितलें जातें. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेंत घोडा घेणारा शेजारच्या दोन दलालांचें एकमत झालें म्हणून पैसे मोजीत नाहीं. तो घोड्याचा जबडा उघडून दांत पाहतो.

येथें दांत पाहणें म्हणजे जमिनीवर उतरून पानें मोजणें. पानझडी रानांत त्याची एक जुनी व खात्रीची रीत आहे. झाडांखालीं ठराविक मापाच्या जाळीच्या टोपल्या ठेवावयाच्या, पानगळीच्या साऱ्या हंगामांत दर पंधरवड्यास त्यांतलीं पानें गोळा करावयाचीं, वाळवून तोलावयाचीं, आणि थोड्या ताज्या पानांचें क्षेत्रफळ व वजन काढून त्यावरून एकंदर क्षेत्रफळाचा हिशेब करावयाचा. कागदावर हें सोपें आहे. पण सागाचें पान हातभर लांबीचें. लहान टोपलींत तें धड मावत नाहीं, कांठावर अडकतें आणि वाऱ्यानें उडून जातें. पंधरवडा चुकला तर वाळवी हिशेब करून टाकते. फाल्गुन-चैत्रांत रानांत वणवा फिरला तर टोपल्याही जातात आणि वर्षाची मेहनतही.

दुसरी रीत उजेडाची. झाडांच्या वर किती ऊन पडतें व खालीं जमिनीपर्यंत किती पोंचतें हें मोजून मधल्या पानांचा अंदाज करावयाचा. मोन्सी व साएकी या दोन जपानी शास्त्रज्ञांनीं १९५३ सालीं याचें गणित घालून दिलें. पानें कशींही विखुरलेलीं आहेत असें धरलें, तर दोन पदरांखालीं उन्हाचा सुमारें शेंकडा ३७ भाग पोंचतो, चार पदरांखालीं सुमारें १४, व सहांखालीं अवघा ५. हल्लीं याच कामासाठीं माशाच्या डोळ्यासारखें फुगीर भिंग लावून जमिनीवरून आकाशाकडे छायाचित्र घेतात. पहांटे किंवा सांजवेळीं, जेव्हां आकाश सर्वत्र सारखें उजळ असतें तेव्हां. चित्रांत आकाश किती दिसलें व किती झांकलें गेलें यावरून पानांची गणना होते. ही रीतही निर्दोष नाहीं. चित्राला फांदी व पान यांतला भेद कळत नाहीं; चैत्रांत एकही पान नसलेल्या सागाखालीं भिंग लाविलें तरी कांहीं तरी आंकडा येतोच. शिवाय पानें झुपक्यांनीं असलीं तर त्यांच्यामधल्या फटी मोठ्या होतात, व आंकडा खऱ्याहून कमी भरतो. म्हणजे उपग्रहाची परीक्षा घेणारा मास्तरही स्वतः कधीं कधीं चुकतो. जाणते शास्त्रज्ञ म्हणून दोन-तीन रीतींनीं मोजतात आणि आपली चूक किती असूं शकेल तेंही आंकड्याशेजारीं लिहितात. ज्या आंकड्याशेजारीं तें लिहिलेलें नसतें त्याच्याकडे आम्ही थोडे संशयानें पाहतों.

आणि मग आत्याबाईंचें पातेलें येतें. रानांतली मोजणीची जागा असते वीस-तीस मीटरांची. उपग्रहाचा चौकोन पांचशें मीटरांचा. एका शितावरून ६२ एकरांचा भात कसा पारखावा? यासाठीं मधें एक पायरी घालतात. जमिनीवरच्या मापांशीं प्रथम दहा-वीस मीटरांचे बारीक चौकोन जुळवावयाचे, त्यांचा नकाशा पक्का करावयाचा, व मग त्या बारीक चौकोनांची सरासरी काढून ती मोठ्या चौकोनाच्या आंकड्याशीं ताडावयाची. जगांतील अंतराळसंस्थांच्या संयुक्त समितीनें या पडताळणीसाठीं स्वतंत्र गटच नेमला आहे, व त्याची रीत हीच आहे. परंतु या रीतींतही शीत कोठलें घ्यावें हा प्रश्न उरतो. मोजणारा मनुष्य जीपगाडी जेथवर जाते तेथवर जातो. सडकेच्या कडेचें रान, आंत दोन डोंगर ओलांडून लागणारें रान, व नर्मदेच्या कांठचें रान हीं तीन वेगळीं रानें आहेत. आणि सडकेकडचें रान बहुधा अधिक तुटलेलें किंवा अधिक राखलेलें असतें. पातेल्याच्या वरचेंच शीत सर्वांनीं चाखलें, तर तळचा भात करपला हें कळणार कसें?

हा सारा खटाटोप केवळ विद्वानांच्या समाधानासाठीं नाहीं. फेब्रुवारी २०१९ मध्यें एक बातमी आपल्याकडेही मोठ्या थाटानें छापली गेली होती कीं, पृथ्वी अधिक हिरवी होत आहे व त्यांत चीन आणि भारत आघाडीवर आहेत. ती बातमी खरी होती. अमेरिकेंतील बोस्टन विद्यापीठांतल्या संशोधकांनीं मोडिसचीं २००० ते २०१७ पर्यंतचीं मापें तपासून असें दाखविलें कीं, जगांतील पर्णक्षेत्र या काळांत सुमारें शेंकडा ५ वाढलें. पण त्याच निबंधांत दुसरा एक आंकडा होता, तो बातमींत बहुधा खालीं राहिला. भारतांतील या वाढीचा शेंकडा ८२ भाग शेतांतला होता. जंगलांचा वांटा अवघा शेंकडा ४.४. पाण्याच्या उपशावर व खतांवर जेथें एका पिकाच्या जागीं दोन-तीन पिकें निघूं लागलीं, तेथें वर्षभर पान दिसूं लागलें, आणि उपग्रहानें तें इमानानें मोजलें. "देश हिरवा झाला" या वाक्याचा अर्थ तळोद्या-शहाद्याच्या ऊंस-केळींत एक, व धडगांवच्या डोंगरांत अगदीं दुसरा. पानें वाढलीं म्हणजे रान वाढलें असें समजून जो हर्ष झाला, त्याचा दोष उपग्रहाकडे नाहीं.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८१ सालीं स्थापन झाली आणि १९८७ पासून ती देशाच्या वनस्थितीचे अहवाल काढीत आली आहे. तिच्या व्याख्येप्रमाणें एक हेक्टरांहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांच्या माथ्यांची छाया शेंकडा १० किंवा अधिक आहे, ती जमीन वनाच्छादित. मग ती कोणाच्याही मालकीची असो. त्यामुळें फळबागाही या मोजणींत येऊं शकतात. पानझडीचा घोटाळा टाळण्यासाठीं ही संस्था पावसाळ्यानंतरच्या महिन्यांतलीं चित्रें घेते, आणि जागोजाग माणसें पाठवून पडताळाही घेते. तिच्या अहवालांत एक प्रामाणिक कबुलीही आहे, ती आम्हांस विशेष आवडली: जंगलाला लागून असलेलीं ऊंस व कापूस यांसारखीं पिकें, तसेंच जंगलांत माजलेली घाणेरी, यांचा प्रकाश झाडांच्या प्रकाशांत मिसळतो व जंगलाची सीमा नेमकी आंखणें कठीण होतें. ऊंस आणि कापूस! नंदुरबारच्या मनुष्यास वाटावें, हें वाक्य आपल्याचकडे पाहून लिहिलें आहे.

पण ज्याच्यामुळें हा विषय आम्हांस लिहावासा वाटला तो भाग याहून पुढचा आहे. २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें, जे आदिवासी १३ डिसेंबर २००५ पूर्वींपासून वनजमीन कसून त्यावर पोट भरीत होते, त्यांचा त्या जमिनीवरचा हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेंत मान्य करण्याचें ठरविलें. नंदुरबारच्या डोंगराळ तालुक्यांतून असे दावे हजारोंनीं दाखल झाले. त्या दिवशीं तेथें खरोखर शेत होतें कीं रान होतें, हें आतां कसें ठरवावयाचें? साहजिकच जुन्या उपग्रहचित्रांकडे धांव घेतली गेली. चित्रांत झाडोरा दिसला तर रान, नाहीं तर शेत. सीमेपलीकडच्या गुजरातेंत याच धर्तीवर अनेक दावे नाकारले गेले, प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि नाकारलेले दावे पुन्हां तपासावेत असा आदेश २०१३ सालीं झाला. त्यापूर्वींच, २०१२ च्या दुरुस्तींत, केंद्र सरकारनें नियमांत स्पष्ट घातलें होतें कीं उपग्रहचित्र हें इतर पुराव्यांस पूरक मानावें, त्यांची जागा त्यास देऊं नये. त्या इतर पुराव्यांत गांवांतल्या वडीलधाऱ्यांनीं सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत हाही एक पुरावा आहे.

आमच्या मतें हा नियम दयेपोटीं केलेला नाहीं. तो मोजणीच्या शास्त्राशीं सुसंगत आहे. एकेका शेताचा आंकडा उपग्रह देतो तो कोणत्या दिवशींचा, केवढ्या चौकोनाचा आणि कोणत्या कोष्टकावरून काढलेला, हें ज्यानें विचारलें त्याला जमिनीवरचा साक्षीदार लागणारच. तो टोपल्या घेऊन गेलेला संशोधक असो कीं त्या उतारावर पन्नास पावसाळे काढलेला म्हातारा असो. उलट, केवळ हकीकतीवर विसंबून चित्रें मुळींच पाहूं नयेत, असेंही आम्ही म्हणत नाहीं. कित्येक ठिकाणीं दावेदारांनीं आपण होऊन चित्रें मागविलीं व त्यांच्याच आधारें आपलें शेत सिद्ध केलें. साधन कोणाच्याही बाजूचें नसतें. तें कोण वाचतो यावर पुष्कळ अवलंबून असतें.

हें सर्व बोलणें झाल्यावर आत्याबाईंनीं काकांस विचारलें, "त्या तेरा डिसेंबरला तुमच्या धडगांवकडच्या शेतांत काय उभें असेल हो, भाऊ?" काका म्हणाले, "ज्वारी निघालेली असेल. मका त्याच्या आधींच. तूर हिरवी, शेंगांवर आलेली. मधें मधें मोह. मोह तेथें कोणी तोडीत नाहीं, तो वाटणींत नांवानिशीं वांटला जातो. डिसेंबरांत त्याला पानें भरपूर असतात." म्हणजे वरून पाहणाऱ्याला पिकाखालची जमीन नव्हे, तर मोहाचे माथे व तुरीचा हिरवेपणा दिसणार. पुतण्यानें मग उत्साहानें त्या वर्षाचें जुनें चित्र शोधून काढलें. तें सातव्या लँडसॅटचें होतें. या उपग्रहाचा एक भाग मे २००३ मध्यें बिघडला, आणि तेव्हांपासून त्याच्या चित्रांत कडेकडेस तिरक्या काळ्या पट्ट्या येत राहिल्या. तेवढी जमीन त्याला दिसलीच नाहीं. काकांनीं बोट फिरवीत ओढा शोधला, शाळेची टेंकडी शोधली, टेंकडीच्या पलीकडे आपल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचें शेत होतें तेथें बोट नेलें, आणि थांबले. तें शेत नेमकें एका काळ्या पट्टीखालीं होतें.